बहादूरच्या गावचं घर

लग्न होऊन सुगंधाबाई चामोर्शीला आल्या तेव्हा निमगड्यांचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं छपरी, एवढंच होतं. त्या एका खोलीत नवऱ्याची, म्हणजे गुणवंतरावांची, मायही. सासूच्या देखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही आणि नवऱ्यानं बायकोला हाक मारायची नाही, असा तेव्हाचा नेम. पुढं छप्पन साली माय चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. घरातले देव तिनं आपल्या हातानं टोपल्यात भरले आणि नेऊन वैनगंगेत सोडून दिले. एवढी हिमतीची बाई, पण हा नेम मात्र तिनं काही सोडला नाही. आणि ती जगलीही भरपूर.

मग नवराबायकोनं बोलायचं कसं? तर आडून. गुणवंतराव सायकल पुसता पुसता सायकलीलाच सांगत, "आज डेपोवर लिलाव हाये. याले उशीर होईन." सुगंधाबाई चुलीतलं लाकूड पुढं सारत त्या लाकडाला म्हणत, "लोकाईनं भाकर बांधून नेली तर बरं होईन." पोरगी झाल्यावर जरा सोय झाली. "कमळे, तुह्या बाबाले सांग, मीठ सरलं." कमला झोपलेली असली तरी चालत असे. निरोप पोचायचा तो पोचतच होता.

पुढं माय गेली. कमला लग्न होऊन गडचांदूरला गेली. घरात दोघंच उरली, तरी रीत सुटली नाही. समोर पाहून बोलायची दोघांनाही लाज वाटे. कोंबड्या, मांजर, सायकल, कुंपणापलीकडची ठमाबाई, ज्याला सांगायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगत त्यांचा संसार झाला, आणि चांगला झाला. ठमाबाई वयानं मोठी, तोंडानं फटकळ. ती म्हणे, "तुमच्या घरचं सारं कोंबड्याईले मालूम असते, भाऊ. तुम्हालेच काई मालूम नसते."

परदेशात घर घ्यायची गोष्ट निघाली ती या रीतीतूनच.

गुणवंतराव जंगल खात्यात होते. गार्ड म्हणून लागले आणि वनपाल होऊन मार्कंड्याच्या वाटेवरच्या लाकूड डेपोत आले. जंगलातून आलेलं सागवान तिथं थप्प्या लावून ठेवायचं, प्रत्येक बिटावर, म्हणजे ओंडक्यावर, नंबर टाकायचा, लिलावाला आलेल्या ठेकेदारांना दाखवायचं, हे त्यांचं काम. डेपोचा चौकीदार टेकबहादूर थापा, नेपाळचा माणूस. त्याला सगळे बहादूरच म्हणत. त्याचं गाव भैरहवाच्या पुढं, लुंबिनीपासून लांब नाही. हे कळल्या दिवसापासून गुणवंतरावांनी त्याच्याकडं चौकीदार म्हणून पाहिलंच नाही. बुद्धाच्या गावचा माणूस म्हणून त्याला सणासुदीला घरी जेवायला बोलवत. बहादूरला त्याचं काही विशेष वाटत नसे. तो वरण वाढून घेई आणि मुकाट्यानं जेवी.

गडचिरोली नवा जिल्हा झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात चंद्रपूरहून यात्रेची बस निघाली. गया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. गुणवंतराव आणि सुगंधाबाई त्या बसनं गेले. लुंबिनीला दर्शन झालं आणि बस बिघडली. ड्रायव्हर सामान आणायला गोरखपूरला गेला. बाकीची यात्रा धर्मशाळेत राहिली. बहादूर तेव्हा सुट्टीवर गावीच होता. तो सायकलवर आला आणि दोघांना आपल्या घरी घेऊन गेला.

गुणवंतरावांना तिथं मुळीच करमलं नाही. सगळीकडं सपाट शेतं आणि पिवळी सरसों. झाड म्हणावं असं झाडच नाही. सकाळी धुकं असं की अंगणातली बकरी दिसत नसे. पाणी मानवलं नाही, पोट बिघडलं. माकडटोपी घालून ते खाटेवर बसून राहिले आणि बस कधी दुरुस्त होते याची वाट पाहत राहिले. शेवटच्या दिवशी तेवढं धुकं उठलं आणि उत्तरेकडं, फार दूर, बर्फाचे डोंगर दिसले. सुगंधाबाई अंगणात उभ्या राहून पाहत होत्या. निघताना त्यांनी बहादूरच्या बायकोचे दोन्ही हात धरले. त्या बाईला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण सुगंधाबाई आपल्या बोलीत तिला म्हणाल्या, "अव बाई, इथी एक खोली असती तर मी मरेपर्यंत उठली नसती."

गुणवंतराव मागं पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि मनात ठेवलं. परतीच्या वाटेवर सगळी बस बुद्धाची गाणी म्हणत होती आणि ते खिडकीशी बसून विचार करत होते. या बाईनं आजवर मीठ, तेल, लुगडं याच्यापुढं काही मागितलं नाही. पहिल्यांदा मागितलं, तर हे.

मग एके दिवशी सुगंधाबाई डबा घेऊन डेपोवर आल्या तेव्हा गुणवंतराव त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बहादूरला म्हणाले की रिटायर झाल्यावर तुमच्या तिकडं एक लहानसं घर घ्यावं म्हणतो. हिवाळाभर तिथं, उन्हाळा-पावसाळा इथं. बहादूरला आनंद झाला. सुगंधाबाई डबा ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. त्या दिवशी संध्याकाळी कोंबड्या झाकताना त्या कोंबड्यांना म्हणाल्या, "घर घेतलं तर भिंती जाड पायजे बा."

झालं. त्यानंतर चार वर्षं ते घर रोज संध्याकाळी छपरीत बांधलं गेलं. गुणवंतराव सायकलीला सांगत की पुढं ओसरी मोठी पाहिजे, आल्यागेल्याला बसता येईल. सुगंधाबाई मांजरीला सांगत की चूल खोलीच्या आत पाहिजे, बाहेर नको. कमलाची पोरं आली तर निजायला जागा पाहिजे. परसात वालाचा वेल लावता येईल का, ते ठमाबाईनं सांगावं. एका पावसाळ्यात तर उत्तरेच्या खिडकीवरून भांडण झालं. गुणवंतरावांचं म्हणणं, उत्तरेला खिडकी ठेवायची म्हणजे डोंगर दिसतील. सुगंधाबाईंचं म्हणणं, उत्तरेला काही ठेवायचं नाही, भिंत बंद करून टाकायची. आज सायकलीनं खिडकी उघडायची, उद्या मांजरीनं बुजवायची. ठमाबाई कुंपणावरून म्हणाली, "आधी घर तर घ्या. मंग खिडकीतून पडा."

डेपोतली माणसंही चिडवत. हरिदास नावाचा गार्ड होता, तो म्हणे, "निमगडे भाऊ आता फॉरेनले जाऊन राह्यले. तिकडून आमाले घड्याळ पाठवा बरं." गुणवंतराव हसत. त्यांना स्वतःला त्या धुक्यात जाऊन राहायची धास्ती वाटे. पण ही गोष्ट ते सायकलीलासुद्धा बोलले नाहीत. सायकलीला सांगितलं असतं तर ते सुगंधाबाईंना कळलं असतं.

सन शहाऐंशीचा पावसाळा संपता संपता सुगंधाबाईंना ताप आला. आपल्या भागात ताप येतोच, म्हणून आधी गोळ्या दिल्या. मग त्या बडबडू लागल्या. ठेकेदाराची जीप मागून गुणवंतराव त्यांना गडचिरोलीला घेऊन निघाले. मागच्या सीटवर डोकं मांडीवर घेतलं होतं. मधेच त्यांनी डोळे उघडले. नवऱ्याचं तोंड अगदी समोर होतं, तरी पुढं जीप चालवणाऱ्या पोराला म्हणाल्या, "भाऊ, याईले सांगा, पानी पायजे." गुणवंतरावांनी पाणी पाजलं. आणि तेही त्या पोरालाच म्हणाले, "दादा, जरा हळू घ्या. तिले तरास होऊन राह्यला." दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे आले. भन्तेजी आले, कमला आणि जावई आले. बहादूर दारात उभा राहून रडला. मग सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतर गुणवंतरावांना जे झालं ते त्यांना कुणाला नीट सांगता आलं नसतं. माणसं बोलायला येत होती. डेपोत दिवसभर बोलणं होतच असे. पण संध्याकाळी घरी येऊन सायकल टेकवली की तोंडावर आलेलं तोंडातच राही. सायकलीला काय सांगायचं? बाजूला कुणी ऐकणारं नव्हतं. मांजर काही दिवस चुलीपाशी येऊन बसली आणि मग ठमाबाईकडं राहायला गेली. स्वयंपाक ते स्वतः करू लागले. भात जमला. भाजीत मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. लग्नापासून त्या घरात मिठाचा निरोप फिरत होता. आता मीठ सरलं की ते उघड्या डब्याकडं पाहत बसत आणि दुकानात जायचं विसरून जात.

कमला दर दोन महिन्यांनी येई. येऊन घर झाडी, गोधड्या वाळत घाली आणि म्हणे की बाबा, रिटायर झाले की गडचांदूरला चला. तिचा नवरा तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात होता, राहायला क्वार्टर होतं. गुणवंतराव प्रत्येक वेळी एकच सांगत. तुझ्या मायची इच्छा बहादूरच्या गावी घर घ्यायची होती, ते आधी करायचं आहे. कमला आधी समजावी, मग चिडे. त्या वर्षीच्या फाल्गुनात ती स्पष्टच बोलली की बाबा, माय असती तर गोष्ट वेगळी. परक्या देशात एकटा म्हातारा आजारी पडून गेला तर मयताला कुणी यायचं नाही. गुणवंतराव म्हणाले, "न येवो."

त्यांचं ठरलेलं होतं. आवडत नसलं तरी जायचं. सुगंधाबाईंसाठी करण्यासारखं दुसरं काहीच आता उरलं नव्हतं, आणि हे एक उरलं होतं म्हणून सकाळी उठायला कारण होतं. रिटायर व्हायला दोन महिने राहिले होते. बहादूरच्या चुलतभावाचं दोन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं. तो तिकडच्याच बुटवल शहरात राहायला जाणार होता. परदेशी माणसाच्या नावानं तिथं जमीन होत नाही, म्हणून घर बहादूरच्या बायकोच्या नावानं घ्यायचं आणि गुणवंतरावांनी राहायचं, असं ठरलं. लोक म्हणत, निमगडे भाऊ येडे झाले. गुणवंतरावांना बहादूरवर भरवसा होता. बहादूर मे महिन्यात गावी जाणार होता. जाण्याआधी गुणवंतरावांनी होय म्हणायचं, म्हणजे तो तिकडं गेल्यावर बोलणं पक्कं करणार. मग रिटायरमेंटचे पैसे हाती आले की व्यवहार.

बहादूर निघायच्या आदल्या दिवशी, दुपार उतरल्यावर, गुणवंतराव ठमाबाईकडं गेले. ठमाबाई छपरीत बसून मोहाची फुलं निवडत होती. गुणवंतरावांनी कोंबड्यांची गोष्ट काढली. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत इथं नसतील, तोवर कोंबड्या तिनं ठेवाव्या, अंडी तिनंच घ्यावी. परसातल्या लिंबाला अधूनमधून पाणी घालावं.

ठमाबाईनं हो म्हटलं. सुपातली काडी काढून टाकली आणि म्हणाली, "जा बापा. तुमची हौस तरी पुरी होऊ द्या. बिचारी त्यासाठीच मन मारून राह्यली होती."

"कोणाची हौस?"

"तुमची. अजून कोणाची?"

गुणवंतराव खांबाला टेकून उभे होते ते खाली बसले. त्यांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यात घोळ झाला. ते शांतपणे म्हणाले की बाई, घराची इच्छा तिची होती. मी तर तिच्यासाठी निघालो आहे.

ठमाबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं जे सांगितलं ते असं. सुगंधाबाईला त्या गावची थंडी सोसली नव्हती. तिथून आल्यावर महिनाभर तिचे सांधे दुखत होते. घराचं नाव निघालं की ती उठून इकडं येई. इथं या छपरीत, याच जागी बसून ती किती वेळा रडली, की कमळीची पोरं सुट्टीत येतील तेव्हा आपण तिकडं असू. आपल्याला त्या मुलखात कुणाशी दोन शब्द बोलता येणार नाहीत. उत्तरेला खिडकी ठेवतो म्हणतात, म्हणजे सगळा वारा माझ्याच हाडात. ठमाबाईनं तिला म्हटलंही, सांगून टाक ना एकदा. तर म्हणे, नाही.

"काऊन नाई सांगतलं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"म्हने, या मानसानं जन्मात आपल्यासाठी काई मांगलं नाई. शिळं वाढलं तर शिळं खाल्लं. एक हेच मांगलं. मी नाई म्हनू? भिंती जाड करून घेईन आन् जाईन."

गुणवंतराव म्हणाले, "पन बाई, मी आपल्या कानानं आयकलं. ती बहादूरच्या बायकोले म्हनली, इथी एक खोली असती तर मरेपर्यंत उठली नसती."

"म्हनली असन. चार दिवस कोणाच्या घरी जेवलं तर निंगतानी म्हनाव लागते. मी भावाच्या घरून निंगतानी दरवर्षी म्हनतो." ठमाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. "ती त्या बाईले म्हनली, भाऊ. तुम्हाले कुठी म्हनली?"

तीस-बत्तीस वर्षं सुगंधाबाई दुसऱ्या कुणाला काही म्हणाल्या की ते गुणवंतरावांसाठी असे. चुलीला म्हटलेलं त्यांच्यासाठी, मांजरीला म्हटलेलं त्यांच्यासाठी. त्या एका सकाळी मात्र सुगंधाबाई जिचे हात धरले होते तिच्याशीच बोलत होत्या. आणि त्यांनी ते उचलून आपल्या घरी आणलं होतं.

काय घोळ झाला ते ठमाबाईला हळूहळू समजत गेलं. तिनं विचारलं, "म्हंजे तुमालेई जायचं नव्हतं का जी?" गुणवंतरावांनी नाही म्हणून मान हलवली. म्हातारीच्या तोंडातून आधी हसू निघालं. मग तिनं पदर तोंडाला लावला.

घरी येऊन त्यांनी भात मांडला आणि उतरवायचा विसरले. राग कुणावर करावा हेच त्यांना कळेना. आपल्यावर केला, मग तिच्यावर केला, मग मेलेल्या मायवर. चार वर्षं दोन माणसं नको असलेलं घर बांधत बसली. एकानं तिच्यासाठी खिडकी काढायची, दुसरीनं त्याच्यासाठी थंडी सोसायची तयारी करायची. एकदा, फक्त एकदा, कुणी मान वळवून विचारलं असतं की तुला खरंच जायचं आहे का, तर एका शब्दात काम झालं असतं. जळका वास आला तेव्हा ते उठले. वरवरचा भात खाल्ला.

पण निजताना त्यांच्या मनात दुसरंच आलं, आणि ते पहिल्यापेक्षा जड होतं. घर नको होतं, ठीक. पण त्या घराच्या गोष्टी? ती ओसरी, तो वालाचा वेल, ते खिडकीचं भांडण? उभ्या आयुष्यात त्या चार वर्षांएवढं नवराबायको कधी बोलले नव्हते. आता ते घर सोडायचं म्हणजे तेही सोडायचं. आणि धरून ठेवायचं, तर जिथं ती येणार नव्हती अशा ठिकाणी जाऊन तिची वाट पाहायची.

सकाळी ते डेपोवर गेले. बहादूरनं ट्रंक बांधून ठेवली होती. आज त्याची दाढी केलेली होती आणि अंगात नवा सदरा होता. दोघं थप्प्यांच्या मधल्या वाटेनं फेरी मारायला निघाले. बहादूर सांगत होता की चुलतभावानं आधीच एक खोली रिकामी केली, बायकोनं अंगण सारवून ठेवलं. मग तो थांबला आणि त्यानं विचारलं, "तो बाबूजी, बात पक्की करूँ? आप क्या चाहते हो?"

साधा प्रश्न होता. पण गुणवंतरावांना तो कुणी आजवर विचारला नव्हता. सवयीनं त्यांची मान बाजूला वळली. बाजूला सागाचं एक मोठं बिट पडलं होतं. त्यांच्या तोंडावर आलं होतं की लोकांनी आता या वयात कुठं जावं. त्या लाकडाला एवढं सांगितलं असतं तर बहादूर काय ते समजला असता. त्यांनी मान पुन्हा वळवली आणि बहादूरच्या तोंडाकडं पाहिलं.

"मेरेको नई जाना है, बहादूर."

"लेकिन बाई का तो बहुत मन था."

"बाई का भी नई था."

बहादूरला काही कळलं नाही. रागावला असता तरी चाललं असतं, पण तो रागावला नाही. तो म्हणाला की ठीक आहे, अंगण सारवलं तर सारवलं, अंगण काही वाया जात नाही. त्यानं तंबाखू मळली, अर्धी गुणवंतरावांच्या हातावर ठेवली. दुपारच्या बसनं तो गेला. गुणवंतराव त्याला पोचवायला गेले नाहीत. लिलावाचा बोर्ड रंगवायचं काम होतं, ते करत राहिले.

जूनच्या शेवटी ते रिटायर झाले. रेंज ऑफिसरसाहेबांनी हार घातला, शाल दिली. हरिदासनं भाषण केलं आणि भाषणात फॉरेनचा विनोद केला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. गुणवंतराव सगळ्यांबरोबर हसले. चहा झाला, फोटो झाला. सायकलीच्या हँडलला हार अडकवून ते घरी आले.

त्यानंतरच्या रविवारी कमला आली. यावेळी ती पोरांना ठेवून एकटीच आली होती आणि येतानाच दोन मोठ्या पिशव्या आणल्या होत्या. बहादूरच्या गावी जायचा बेत मोडल्याचं तिला ठमाबाईकडून कळलं होतं. आता बाबांना न्यायचंच, असं ठरवून ती आली. तिनं चूल सारवली, भांडी घासली, भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पुसल्या. मग मायची पेटी उघडून एकेक लुगडं बाहेर काढू लागली. गुणवंतराव छपरीत बसून होते. कमला आतून कुंपणाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "ठमामावशी, बाबाले सांगा, काय काय घ्यायचं ते काढून ठेवा म्हना. उद्याच्या बसनं निंगू."

ठमाबाई आपल्या अंगणात होती की नव्हती कोण जाणे.

गुणवंतराव उठले. आत गेले आणि पोरीच्या समोर पाटावर बसले. कमलाच्या मांडीवर हिरवं लुगडं होतं. एवढ्या जवळून बापानं तोंडाकडं पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. ती घाबरली. तिला वाटलं, बाबांची तब्येत बिघडली.

"कमळे, माह्याकडे पाहून सांग," गुणवंतराव म्हणाले. "तुले मी तुह्या घरी खरंच पायजे हावो का?"

"असं काय विचारता, बाबा?"

"विचारून राह्यलो. खरं सांग. मले राग नाई येनार."

कमला लगेच होय म्हणायला गेली. होय तिच्या ओठावर आलं होतं, ते त्यांनी पाहिलं. पण त्यांची नजर हटली नाही, आणि ते होय तिथंच थांबलं. ती हातातल्या लुगड्याची घडी नीट करत बसली. मग हळूहळू बोलली. क्वार्टर लहान आहे. एकाच खोलीत सगळे निजतात. नवऱ्याची रात्रपाळी असते, तो दिवसा झोपतो, पोरांनासुद्धा बाहेर काढावं लागतं. त्याला तिनं अजून धड विचारलेलंही नाही. बाबा आले तर ती खुशीनं ठेवील, पण कुठं ठेवील हे तिला माहीत नाही.

"मंग न्याले काऊन आली?"

"तुमी इथी एकले राह्यता." तिनं केलेली घडी पुन्हा मोडली. "गावात लोक म्हनतात, पोरगी अशी कशी. मले झोप नाई लागत, बाबा. पायजे का नाई ते मले नाई मालूम. मी तसा विचारच नाई केला."

गुणवंतरावांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. ती होय म्हणाली असती तर ते उद्याच्या बसनं गेले असते, क्वार्टरच्या पायरीवर दिवस काढले असते, आणि जावई निजून उठेपर्यंत पोरांना घेऊन बाहेर फिरले असते. मग कधीतरी ती कुणा शेजारणीच्या छपरीत बसून रडली असती. तेवढं टळलं.

"मी इथीच राह्यतो," ते म्हणाले. "आन् तुले याव वाटलं त येत जा. लोकाईसाठी येऊ नोको."

कमला रडली. मग तिनं तोंड धुतलं आणि स्वयंपाकाला लागली. दोघं समोरासमोर बसून जेवली. जेवताना गुणवंतरावांनी तिला जावयाच्या रात्रपाळीचं विचारलं, पोरांच्या शाळेचं विचारलं, आणि तिनं सांगितलं. बोलणं अडखळत होतं. एकमेकांकडं पाहायचं कुठं आणि खाली कधी पाहायचं हे दोघांनाही नीट जमत नव्हतं. मायचं हिरवं लुगडं तिनं आपल्यासाठी मागितलं. तोंडावर मागितलं. त्यांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी ते तिला बसवर सोडायला गेले. पिशव्या रिकाम्याच परत चालल्या होत्या, एकीत तेवढं लुगडं होतं. बसमध्ये जागा मिळाल्यावर कमलानं खिडकीतून हात बाहेर काढला. पुढच्या महिन्यात येईन, असं काही ती म्हणाली नाही. ते त्यांना बरंही वाटलं आणि लागलंही. बस गेली. स्टँडवर आलापल्लीच्या गाडीची माणसं उभी होती, त्यांत थोडा वेळ ते उभे राहिले. मग किराण्याच्या दुकानात जाऊन त्यांनी मीठ घेतलं आणि घरी आले.